चंद्रपूर ते गोपकपट्टण : गोमंतकाच्या प्राचीन राजधान्यांचा मागोवा

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून पाठवावे, अशी आज्ञा श्रीसंस्थानच्या व्यवस्थापक मंडळींकडून पत्राने आली, तेव्हा प्रस्तुत लेखक गोव्यापासून शेकडो मैल दूर, भैंसा येथे चिरंजीवांच्या बिऱ्हाडी होता. भैंसा हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. कापसाच्या व्यापाराची ही पेठ. येथील बाजारात तेलुगू, उर्दू आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. श्रीसरस्वतीचे बासर क्षेत्र येथून जवळच आहे, आणि नांदेडकडील पाहुण्यांची ये-जा तर नित्याचीच.

शेजारी एक तरुण शिक्षक राहतात. एके सायंकाळी ओसरीवर बसले असता त्यांनी सहज विचारले, "काका, नांदेडच्या पलीकडे आमचे कंधार आहे. राष्ट्रकूटांचे नगर ते. किल्ला अजून उभा आहे. तुमच्या गोव्याची जुनी राजधानी कोणती?"

मी विचार न करता उत्तर दिले, "जुने गोवे." बोललो आणि मनात खजील झालो. लिसेवच्या बाकावर बसून पोर्तुगालच्या राजांची आणि गोव्याच्या व्हाइसरॉयांची नावे मी सनावळीसह मुखोद्गत केली होती. शष्ठदेव, जयकेशी, शिवचित्त ही नावे मात्र त्या वर्गात कधी उच्चारली गेली नाहीत. पुढे उभी नोकरी कागदपत्रे नोंदविण्यात गेली, तरी हे रकाने कोरेच राहिले. जुने गोवे ही राजधानी होती हे खरे. परंतु ती पहिली नव्हे. तिच्या आधी चंद्रपूर होते आणि गोपकपट्टण होते. आपल्या महाजन घराण्यांच्या पूर्वजांनी ज्या राजसत्तेच्या छायेखाली देवालये बांधली, शेते लागवडीस आणली आणि ग्रामसंस्था चालविल्या, तिची ही दोन नगरे. त्या शिक्षकांना जे उत्तर त्या सायंकाळी द्यावयास हवे होते, ते येथे यथामती मांडीत आहे.

चंद्रपूर

साष्टी तालुक्यातील आजचे चांदोर म्हणजेच प्राचीन चंद्रपूर, असे विद्वानांचे मत आहे. शिरोडा येथे मिळालेला भोजवंशीय राजा देवराज याचा ताम्रपट 'चंद्रौर' येथून दिलेला आहे. अक्षरवटिकेवरून तो सामान्यतः इ. स. च्या चौथ्या शतकातील मानला जातो. म्हणजे दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी कुशावतीच्या तीरावर राजशासने कोरली जात होती. जवळच पारोडे येथील पर्वतावर श्रीचंद्रेश्वराचे स्थान आहे. नगराचे नाव आणि देवाचे नाव यांचा संबंध कोणाच्याही सहज ध्यानात येईल.

भोजांनंतरच्या काळात दक्षिण कोकणावर शिलाहारांचा अंमल बसला. शिलाहार रट्टराज याचा इ. स. १००८ चा खारेपाटण ताम्रपट प्रसिद्ध आहे. या घराण्याचा मूळपुरुष सणफुल्ल याला सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा प्रदेश कृष्णराजाच्या कृपेने मिळाला, असे त्यात म्हटले आहे. हा कृष्णराज राष्ट्रकूट वंशातील. भैंसा येथे बसून हे वाचताना मला मोठे नवल वाटले. ज्या कंधारचा अभिमान माझ्या शेजाऱ्यांनी सांगितला, त्याच राष्ट्रकूटांच्या छत्राखाली एकेकाळी आमचे कोकणही होते. गोदेचा काठ आणि जुवारीचा काठ मी समजत होतो तितके परके नव्हते.

राष्ट्रकूटांचा अस्त झाला आणि शिलाहारांचा आधार ढासळला. ही संधी साधून अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात कदंबवंशीय शष्ठदेवाने गोव्यात आपली सत्ता दृढ केली. चंद्रपूर ही त्याची राजधानी होय.

आज चांदोरला गेल्यास काय दिसते? इ. स. १९२९ मध्ये फादर हेन्री हेरास यांनी तेथील कोटाच्या परिसरात उत्खनन केले, तेव्हा एका प्राचीन देवालयाचा पाया उघडकीस आला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही तेथे उत्खनन केले. शिर तुटलेला एक दगडी नंदी त्या स्थळाची साक्ष देत राहिला. देवालय गेले, देव गेला. वाहन मात्र आपल्या जागी बसून राहिले!

चांदोरची दुसरी खूण दगडाची नाही. कार्निव्हलच्या दिवसांत तेथील ख्रिस्ती बांधव मुसळ खेळ करतात. हातात मुसळ घेऊन, ताल धरून केलेले ते नृत्य प्राचीन विजयाची आठवण म्हणून चालत आले आहे, अशी परंपरा आहे. धर्म बदलला, पोशाख बदलला, तरी जुन्या राजधानीच्या रहिवाशांनी ते मुसळ खाली ठेवलेले नाही. आपण ज्यांना सहजपणे 'दुसरे' म्हणतो, त्यांनी आपल्या पूर्वजांची ही आठवण जपली आहे, हे महाजनांनी विसरू नये.

गोपकपट्टण

कुशावती ही लहान नदी. होड्या-मचव्यांना ती पुरेशी असली, तरी समुद्रावरील मोठ्या गलबतांना नव्हे. कदंबांचे वैभव जसजसे वाढले, तसतशी व्यापाराला सोयीच्या बंदराची निकड भासू लागली. अकराव्या शतकाच्या मध्यास, पहिल्या जयकेशीच्या काळात, राजधानी जुवारीच्या उत्तर तीरावरील गोपकपट्टण येथे आली. तिसवाडीतील आजचे गोवा वेल्हा, पिलार आणि आगशी हा तो परिसर होय. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. पोर्तुगीज भाषेत 'वेल्हा' म्हणजे जुना. परंतु 'वेल्हा गोवा' म्हणजे मांडवीतीरावरील चर्चचे जुने गोवे, आणि 'गोवा वेल्हा' म्हणजे कदंबांची राजधानी. दोन शब्दांची जागा बदलली की चारशे वर्षांचा फरक पडतो. नवख्या प्रवाशाचा येथे हमखास घोटाळा होतो. भैंसा येथे तर माझाही झाला.

या बंदराविषयी कदंबांच्या लेखांतून एक हृद्य हकीकत कळते. गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता वाटेत त्याच्या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्याला गोपक बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे मधुमद नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब वंशाच्या, धनिक व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. राजघराण्याने हा उपकार विसरला नाही. मधुमदाचा नातू छडम हा पुढे कदंबांच्या सेवेत मोठ्या अधिकारपदास पोहोचला. त्याने स्थापन केलेल्या धर्मस्थानाच्या खर्चासाठी जयकेशीने इ. स. १०५३ मध्ये ताम्रपट करून दिला आणि बंदरात येणाऱ्या गलबतांवरील कराचे उत्पन्न त्यास लावून दिले. राजा शिवभक्त, अधिकारी मुसलमान, आणि धर्मस्थानाचा खर्च बंदराच्या जकातीतून! नोकरीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास या व्यवस्थेचे फार कौतुक वाटते. कोणत्या खात्यातून किती रक्कम कोठे जावी, हे त्यांनी तांब्यावर लिहून ठेवले. म्हणूनच पावणेदहाशे वर्षांनंतर आपण ते वाचू शकतो.

गोपकपट्टणचा लौकिक दूरवर पसरला होता. जयकेशीची कन्या मयणल्लदेवी ही गुजरातच्या चौलुक्य कर्णराजाला दिली. अनहिलवाडचा सुप्रसिद्ध राजा सिद्धराज जयसिंह हा तिचाच पुत्र. म्हणजे गुजरातच्या त्या कीर्तिमान राजाचे आजोळ गोव्यात होते! दुसऱ्या जयकेशीचा विवाह कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या मैलळदेवी नामक कन्येशी झाला. त्या काळातील दोन बलाढ्य घराण्यांशी सोयरीक जुळावी, एवढी या लहानशा राज्याची प्रतिष्ठा होती. ती समुद्रावरील सामर्थ्यातून आलेली होती.

दुसऱ्या जयकेशीचा पुत्र शिवचित्त परमाडिदेव इ. स. ११४७ च्या सुमारास गादीवर आला. त्याची राणी कमलादेवी. बेळगाव जिल्ह्यात कित्तूरजवळ देगाव येथे तिने उभारविलेले कमलनारायणाचे देवालय आजही शाबूत आहे. कदंबकालीन शिल्पकला कोणत्या उंचीला पोहोचली होती, हे पाहावयाचे असल्यास प्रत्येकाने एकदा तेथे जावे. कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंहाची आकृती आहे आणि 'श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभलेले' अशा अर्थाची अक्षरे आहेत. राजाने आपले ऐश्वर्य कुलदेवाच्या नावाने नाण्यावर मांडावे, यात त्याची श्रद्धा दिसते. १९८० मध्ये गोव्यात सरकारी बससेवेची स्थापना झाली तेव्हा तिला कदंबांचेच नाव देण्यात आले. त्या बसमधून रोज जाणाऱ्या किती जणांना त्या नावामागील राजा आठवत असेल, कोण जाणे.

नगराचा अस्त

चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या सुलतानांची सैन्ये दक्षिणेत उतरली. देवगिरी पडली, आणि त्या वावटळीतून गोवाही सुटला नाही. कदंबांची सत्ता खिळखिळी झाली. पुढे होनावरच्या सुलतानाने गोव्यावर आरमार धाडले, तेव्हा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता त्या मोहिमेत स्वतः सामील होता. त्याने या स्थळास 'संदाबूर' म्हटले आहे. बेटाच्या मध्यभागी दोन नगरे आहेत, एक हिंदूंनी वसविलेले जुने आणि दुसरे मुसलमानांनी जिंकल्यानंतर बांधलेले, असे त्याने लिहिले आहे.

त्यानंतर बहामनी सुलतानांचा अंमल आला. त्या काळात दिवाडी बेटावरील नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराचे देवालय उद्ध्वस्त झाले. इ. स. १३८० च्या सुमारास विजयनगरचा माधव मंत्री याने गोवा जिंकून घेतला व देवाची पुनःप्रतिष्ठा केली. इ. स. १४७२ मध्ये महमूद गावानने गोवा पुन्हा बहामनी राज्यास जोडला.

या धामधुमीत गोपकपट्टणला सर्वांत मोठा घाव कोणी घातला? तलवारीने घातला तसा गाळानेही घातला. जुवारीच्या त्या तीरावर गाळ साचत गेला आणि मोठी गलबते धक्क्याला लागेनाशी झाली. व्यापारी मांडवीकाठच्या एला गावाकडे वळले. तेथेच पुढे आदिलशाही अमलाखाली नवे शहर भरभराटले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द आल्बुकेर्कने ते जिंकले. शत्रूने पाडलेले नगर माणसे पुन्हा बांधतात. बंदर गेल्यावर मात्र नगराला परत उभे राहण्याचे कारणच उरत नाही.

त्यानंतरचा इतिहास आपल्या प्रत्येक घराण्याच्या अंगणातला आहे. इ. स. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवालये पाडली गेली. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळला आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळला आली, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्याला आला. अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीजांकडे नव्हता. तो त्यांच्या ताब्यात इ. स. १७६३ मध्ये गेला. नदी ओलांडली की देव सुरक्षित, अशी ती स्थिती होती. आपल्या पूर्वजांनी रात्रीच्या अंधारात देव डोक्यावर घेतले, आणि घरे, कुळागरे, शेते मागे टाकली. मूळ गावाचे नाव तेवढे देवाच्या नावाला चिकटून राहिले.

आज काय उरले आहे?

गोवा वेल्ह्याला आज राजवाडा नाही, तट नाही, सिंहद्वार नाही. परंतु काहीच उरले नाही, असेही नव्हे. जुवारीच्या काठी जांभ्या दगडाने बांधलेल्या प्राचीन धक्क्याचे लांबलचक अवशेष आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागातील संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. ओहोटीच्या वेळी तेथे उभे राहिले असता, याच दगडांना दोर बांधून गलबते उभी राहत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नगराला एलाशी जोडणारी 'राजवीथी' ही कदंबकालीन वाट होती. पिलारच्या टेकडीवर इ. स. १६१३ मध्ये स्थापन झालेला मठ आहे. तो प्राचीन गोवेश्वराच्या स्थानी उभा असल्याचे सांगतात. तेथील पाद्री मंडळींनी परिसरात सापडलेल्या कदंबकालीन वस्तूंचा संग्रह आस्थेने जपला आहे. त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

राजधानीबाहेर पाहू गेल्यास, सत्तरी-सांग्याच्या बाजूस अरण्यात लपलेले तांबडी सुर्ल येथील श्रीमहादेवाचे काळ्या दगडाचे देवालय त्या काळाचा सर्वांत सुंदर अवशेष होय. ते आडरानात असल्यामुळेच वाचले असावे. कुर्डी येथील महादेवाचे प्राचीन देवालय साळावलीच्या धरणाखाली जाणार होते. पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते दगड-दगड उतरवून दुसऱ्या जागी जसेच्या तसे उभारले. श्रीसप्तकोटीश्वराला पोर्तुगीज अमलात पुन्हा बेट सोडावे लागले आणि तो नदीपलीकडे डिचोली महालात विसावला. त्या जागी छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६६८ मध्ये देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. तसा शिलालेख तेथे आहे. गोवा सरकारने या देवालयाची दुरुस्ती केल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. दिवाडी बेटावरील कोटितीर्थ मात्र मूळ जागीच आहे. राजधानी बुडाली, वंश संपला, परंतु राजाचा कुलदेव आजही पूजा घेत आहे.

महाजनांस विनंती

कदंबांचा इतिहास जो काही आज आपणास कळतो, तो कोठून कळतो? ताम्रपटांतून, शिलालेखांतून, नाण्यांतून; आणि ते वाचणाऱ्या फ्लीट, हेरास यांच्यासारख्या विद्वानांकडून. आपले गोमंतकीय जॉर्ज मोरायश यांनी इ. स. १९३१ मध्ये 'कदंब कुल' हा ग्रंथ सिद्ध केला, तो या सर्व साधनांच्या आधारे. आणखी एक गोष्ट सांगतो. साष्टीतील कोणत्या गावी कोणती देवस्थाने होती आणि कोणत्या जमिनी त्यांच्याकडे होत्या, हे आज आपणास सर्वांत निश्चितपणे कशातून समजते? इ. स. १५६७ च्या 'फोराल'मधून. म्हणजे देवालये पाडल्यावर त्यांच्या जमिनी जप्त करणाऱ्या सत्तेच्या नोंदवहीतून! कोणा अज्ञात पोर्तुगीज कारकुनाने वरिष्ठांच्या हुकमाबरहुकूम ती यादी लिहिली. आपल्या देवांची नावे त्याच्या हातून टिकली. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा इ. स. १५९५ पर्यंत मागे जाते, आणि तेथील जुन्या दप्तरांत आपल्या घराण्यांचा इतिहास आजही पडून आहे.

परक्याच्या कारकुनाने जे केले, ते मी स्वतः केले नाही, हे येथे कबूल करणे भाग आहे. आमच्या घरच्या माळ्यावर वडिलोपार्जित कागदांचे एक गाठोडे होते. काही कागद मोडीत, काही पोर्तुगीजमध्ये, आणि काही गोयकानडी लिपीत, जी घरात कोणालाच वाचता येत नव्हती. कचेरीत मी प्रत्येक कागदाला जावक क्रमांक घातला; घरच्या गाठोड्याची गाठ मात्र तीस वर्षे सोडली नाही. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारताना ते खाली काढले, तेव्हा त्याला वाळवी लागली होती. मी ते परसात नेऊन जाळले. वरचे दोन कागद तेवढे वाचण्यासारखे होते, असे नंतर माझ्या वृद्ध मातोश्रींनी सांगितले. त्यांवर काय होते ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि आता कोणालाच कळणार नाही.

गोपकपट्टणला गाळाने बुजविले. आपल्या घराण्यांच्या आठवणींवरही असाच गाळ रोज थोडा थोडा साचत आहे, आणि तो कोणी शत्रू आणून टाकीत नाही. आपली मुले मुंबई, पुणे, बंगळूर येथे आणि परदेशांत आहेत. माझे चिरंजीव भैंसा येथे आहेत. वर्षातून एकदा जत्रेला येणे, देवाला नारळ ठेवणे आणि पालखीला हात लावणे एवढाच त्यांचा संबंध उरला आहे. यात त्यांचा दोष नाही. आम्ही त्यांना सांगितले नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने प्रत्येक महाजन कुटुंबास माझी नम्र विनंती आहे. आपले मूळ गाव कोणते, देव मूळ कोणत्या स्थळी होता, आपला वांगड कोणता, कुटुंब कोणत्या पिढीत कोठे स्थलांतरित झाले, हे एका वहीत लिहून ठेवावे. घरात जुने कागद असल्यास, वाचता येवोत वा न येवोत, त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत श्रीसंस्थानच्या कचेरीत द्यावी. मोडी आणि गोयकानडी जाणणारी माणसे थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांना घरी बोलवावे. आणि पुढच्या जत्रेला मुले येतील, तेव्हा एक दिवस अधिक राहून त्यांना चांदोरचा नंदी, आगशीचा धक्का आणि तांबडी सुर्लचे देवालय दाखवावे. याला फारसा खर्च येत नाही.

भैंसा येथील त्या शिक्षकांना मी दुसऱ्या दिवशी हाक मारली आणि पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जुवारी, मांडवी, कुशावती अशा तीन रेघा ओढून चंद्रपूर व गोपकपट्टण दाखविले. त्यांनी लक्षपूर्वक पाहिले आणि म्हणाले, "काका, हे कुठं छापलेलं आहे का? मुलांना शिकवीन मी." माझा नातू बाजूला उभा होता. त्याने ते पाकीट उचलले आणि विचारले, "आजोबा, यात आपला गाव कुठे?" मी बोट ठेवून दाखविला. ते पाकीट आता त्याच्या दप्तरात आहे. जाळलेल्या गाठोड्याची भरपाई त्याने होणार नाही, हे मी जाणतो. तरी सुरुवात म्हणून ते टिकावे, आणि श्रींच्या कृपेने प्रत्येक महाजनाच्या घरी असे एक पाकीट निघावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.